सोकॉमला १६ जण पुरत होते

१०० जणांना विमानातून खाली सोडणाऱ्या मोबाइल गेमवर वाढलेल्या पोरांपुढे पीएस-टूवरचा (प्लेस्टेशन २ कन्सोलवरचा) सोकॉम हा टीमने खेळायचा गोळीबाराचा गेम लावला की पहिला प्रश्न ठरलेला: "मेल्यावर परत कधी यायचं रे भो?" पुढच्या राउंडला. तोवर मेलेल्यांमध्ये बसून बघायचं. आमचं मत विचाराल तर त्या गेमचा सगळा जीव या एका नियमात होता. ग्राफिक्सच्या आठवणीने गळा दाटून येणाऱ्यांनी तो एकदा ४३ इंची एलईडीवर लावून बघावा, डोळे उघडतील.

ऑगस्ट २००२ मध्ये अमेरिकेत पीएस-टूचा नेटवर्क अडॉप्टर (कन्सोल इंटरनेटला जोडणारा भाग) आला आणि त्याच महिन्यात झिपर इंटरॅक्टिव्ह या स्टुडिओचा सोकॉम, खोक्यात यूएसबी हेडसेटसकट. आठ विरुद्ध आठ. मेला तो राउंडपुरता गेला. त्यामुळे प्रत्येक कोपऱ्याला किंमत होती. शेवटी एकटा उरलेला माणूस काय करतो ते मेलेले सगळे श्वास रोखून बघत.

दुसरी गोष्ट आवाजाची. टीममध्ये एका वेळी एकच जण बोलू शकायचा, वायरलेससारखं, बटण धरून. कोणी लांबण लावली तर बाकीच्यांची तोंडं बंद. म्हणून लोक आपोआप तोडकं बोलायला शिकले. आपल्या अहिराणीला हा नियम फार मानवतो. "पुलजोडे एक शे" (पुलाजवळ एक आहे) एवढ्यात काम होतं.

हाच स्टुडिओ पुढे आकडे वाढवत गेला. २००५ च्या सोकॉम ३ मध्ये ३२ खेळाडू, मोठे नकाशे, गाड्या. २०१० च्या मॅग या गेममध्ये २५६. आणि २०११ च्या सोकॉम ४ मध्ये मेलेला माणूस लगेच परत. त्या बिचाऱ्याचं नशीबही असं, की अमेरिकेत १९ एप्रिलला गेम दुकानात आला आणि २० तारखेला प्लेस्टेशन नेटवर्कच बंद पडलं, ते मेच्या मध्यापर्यंत. पण नेटवर्क चालू राहिलं असतं तरी जुने लोक परतले असते असं वाटत नाही. २०१२ मध्ये झिपर बंद झालं. लोकांच्या तोंडी नकाशांची नावं आजही पहिल्या भागातलीच असतात: फ्रॉस्टफायर, डेझर्ट ग्लोरी, ॲबँडन्ड.

आता खान्देशचा हिशोब. २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन आलं, २५६ केबीपीएस. सोकॉमला तेवढा वेग पुरतो, घोडं अडतं पिंगवर, म्हणजे डेटा जाऊन यायला लागणाऱ्या वेळेवर. जळगाव ते अमेरिका अंदाजे १३,००० किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सरळ रेषेत जाऊन यायलाच १३० मिलिसेकंद. केबल सरळ जात नाही, मध्ये राउटर लागतात, म्हणून प्रत्यक्षात २५० च्या पुढे. भिंतीमागे गेल्यावर गोळी लागते ती यामुळेच. गंमत वेळेची. होम ५०० प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड फुकट असायचं. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला तेव्हा दुपारी साडेचार ते रात्री साडेदहा, म्हणजे लॉबी (खेळाडू जमतात ती ऑनलाइन खोली) भरलेली!

आज खेळायचं तर आमचा सल्ला: इंटरनेट सोडा, लॅन लावा, म्हणजे एका जागचे कन्सोल वायरींनी एकमेकांना जोडा. पहिला भाग नको, सोकॉम २ घ्या, त्यात लॅनची सोय आहे. स्क्रीन वाटून खेळता येत नाही, म्हणून माणशी एक कन्सोल, एक टीव्ही, एक डिस्क, एक मेमरी कार्ड. ८ पोर्टचा नेटवर्क स्विच, कॅट-५ई वायरी. स्विच टाळून दोन जाडे (सुरुवातीचे मोठे) कन्सोल थेट जोडायचे तर क्रॉसओव्हर वायर (आतल्या तारा अदलाबदल करून जोडलेली) लागते. साध्या वायरीने जोडून "लॅनच खराब आहे" म्हणणारे भरपूर. आयपी हाताने द्या: १९२.१६८.१.११ पासून पुढे, शेवटचा आकडा प्रत्येकाचा वेगळा, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०.

जाडा पीएस-टू घेताना नेटवर्क अडॉप्टर सोबत आहे ना ते बघा. तो मागच्या खाचेत बसतो, दोन स्क्रू नाण्याने आवळता येतात. सडपातळ मॉडेलला लॅनचं भोक अंगचंच असतं. अमेरिकन जाडा थेट आपल्या २३० व्होल्टला लावला की पॉवर सप्लाय गेलाच समजा. मध्ये ११० चा स्टेपडाउन हवाच. अमेरिकन डिस्क ६० हर्ट्झवर चालते, त्यामुळे फक्त पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) ओळखणाऱ्या जुन्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं येतं. टीव्ही बिघडलेला नसतो.

इंटरनेटवरच खेळायचं असेल तर सोनीचे सर्व्हर बंद आहेत, पण चाहत्यांचे आहेत. नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा) ऑटोमॅटिक ठेवू नका, त्यांनी दिलेला हाताने टाका. ऑटोमॅटिक ठेवलं की विचारणा सोनीच्या बंद पडलेल्या पत्त्याकडे जाते आणि डीएनएएस (सोनीची जुनी ऑनलाइन तपासणी) एरर येते. कॉम्प्युटरवर पीसीएसएक्स-टू हा पीएस-टूची नक्कल करणारा प्रोग्राम चालतो. त्याला लागणारा बायोस (कन्सोलचं मूळ सॉफ्टवेअर) स्वतःच्या कन्सोलमधूनच काढा, नेटवर्कमध्ये इथरनेट चालू करून सॉकेट्स निवडा, डीएनएस तिथेही हातानेच.

आणि मे महिन्यात दुपारी सामने ठेवू नका. भुसावळात पारा ४५ ला टेकतो तेव्हा जाड्याचा मागचा पंखा गरम हवाच फिरवत बसतो. शोकेसच्या बंद कप्प्यात तर मुळीच नको. चहूबाजूंनी चार बोटं जागा सोडा. कापसाची धूळ लेन्सवर बसली की डिस्क वाचत नाही, तेव्हा कानकोरणीच्या कापसाला आयसोप्रोपिल लावून हलक्या हाताने पुसा. लाइटीचा भरवसा नाहीच, म्हणून घरच्या इन्व्हर्टरचं मागचं बटण यूपीएस मोडवर टाका. नॉर्मलवर असलं की लाइट जाताना क्षणभर खंड पडतो आणि कन्सोल रीस्टार्ट होतो. स्विचही त्याच लाइनवर घ्या, नाहीतर कन्सोल चालू आणि लॉबी रिकामी.

१६ जण जमवायचा हट्ट नको. तीन विरुद्ध तीन, लहान नकाशा, मेलेल्याने गप्प बसायचं.