चुंबकाने फोन सोडला नाही

परवा अस्नोड्याच्या अलीकडे माझा फोन माझ्या शाळेतल्या मास्तरांच्या पिशवीत पडला आणि तिथून डिचोली येईपर्यंत तो मास्तरांचाच होता. फोन मला परत मिळाला आहे. त्या अर्ध्या तासात बाकीचे जे काही गेले ते परत मिळण्यातले नाही, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

गाडीत फोनसाठी स्टँड घ्यायचा, हे घरात बऱ्याच दिवसांपासून ठरले होते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाल्यापासून गाडी चालवताना हातात फोन धरणे हे १८४ व्या कलमाखाली धोकादायक वाहनचालनात मोडते आणि पहिल्याच खेपेला १,००० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२० पासून नियमांनी एवढीच सवलत दिली आहे की रस्ता शोधण्यापुरता फोन वापरावा, आणि तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. काचेला चोखून धरणारा स्टँड नजरेच्या आड येतो आणि भर उन्हात फोन तापवतो. एसीच्या जाळीला अडकवायचा स्टँड आडव्या पट्ट्यांसाठी असतो आणि माझ्या गाडीची जाळी गोल आहे. उरला तो डॅशबोर्डवर चिकटवायचा चुंबकाचा स्टँड.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, त्यात चतुर्थी तोंडावर आणि वर पाऊस. माटोळीचे, म्हणजे आमच्या गोव्यात गणपतीच्या वर टांगतात त्या फळापानांच्या सजावटीचे, सामान घेणाऱ्यांच्या गर्दीतून वाट काढीत मी गाड्यांच्या सामानाच्या एका दुकानात शिरलो. दुकानदाराने स्टँडच्या चुंबकाला एक भला मोठा पाना लटकावून दाखवला आणि म्हणाला, "हें पडचें ना, बाब." माझ्या फोनच्या पाठीत मात्र चुंबकाला धरण्याजोगे काही नव्हते. ॲपलने २०२० मध्ये आयफोन १२ च्या पाठीत चुंबकांचे कडे बसवले, २०२३ मध्ये ची-टू या बिनतारी चार्जिंगच्या मानकाने तशीच सोय इतर कंपन्यांसाठी खुली केली, पण माझा फोन या दोन्ही घराण्यांतला नाही. अशा फोनच्या कव्हरवर एक लोखंडी चकती चिकटवतात. चकती लावली की बिनतारी चार्जिंग विसरायचे, कारण मध्ये आलेला धातू नुसता तापतो. माझ्या फोनला बिनतारी चार्जिंग मुळातच नाही, तरीही दुकानदाराने त्याबद्दल माझे सांत्वन केले.

तेवढ्यात पाऊस चुकवायला मास्तर दुकानात आले. मराठी प्राथमिक शाळेत विज्ञानापासून व्याकरणापर्यंत सगळे त्यांनीच आम्हाला शिकवले. निवृत्त होऊन त्यांना कित्येक वर्षे झाली आहेत, पण ती बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली दिसत नाही. त्यांच्या दोन्ही हातांत माटोळीच्या पिशव्या होत्या. एकीतून सुपारीची कात्रे डोकावत होती आणि दुसरीत तवशे, तोरिंजन आणि आंबाडे होते.

"काय घेतोस?"

"चुंबक, सर. फोनसाठी."

"चुंबकाला ध्रुव किती?"

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइके होती आणि सगळीच माझ्याकडे पाहू लागली. मी हळू आवाजात दोन असे सांगितले. मास्तरांनी मोठ्याने सांगायला लावले. मग चुंबकाचे दोन तुकडे केले तर काय होईल, असा पुढचा प्रश्न आला आणि प्रत्येक तुकड्याला दोन ध्रुव येतात, हे उत्तर मी शाळेतल्या चालीवर दिले. "बस," असे ते म्हणाले आणि मी खरोखरच बसायला जागा पाहू लागलो. टायरच्या ढिगाशिवाय दुकानात बसण्यासारखे काही नव्हते.

मग त्यांनी खोक्यावरचे 'एन ५२' वाचले आणि हे बावन्न कसले, असे दुकानदाराला विचारले. दुकानदाराने ते मॉडेल असल्याचे ठोकून दिले. मी सांगितले की हे निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचे चुंबक आहे आणि तो आकडा चुंबकीय ऊर्जेच्या मापाचा आहे. ही चुंबके जपानात आणि अमेरिकेत साधारण एकाच वेळी, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाली, म्हणजे मी मास्तरांच्या वर्गात नालाकृती चुंबकाला टाचण्या चिकटवत होतो त्याच सुमारास. ही बातमी त्या वेळी आपल्याला कोणी कळवली नाही, याचे मास्तरांना वाईट वाटलेले दिसले.

त्यानंतर त्यांनी दुकानदाराच्या काळजालाच हात घातला. लोखंडी चकती चुंबकाला लावून त्यांनी ती सरळ ओढली, तेव्हा ती निघेना. मग एका बोटाने बाजूला सरकवली, तेव्हा ती अलगद निघून आली. "खोक्यावर किलोचे जे आकडे लिहितात ते सरळ ओढण्याचे, तेसुद्धा जाड पोलादावरून. तुझा फोन उभा लटकणार, म्हणजे त्याचे वजन खाली सरकण्याच्या दिशेने काम करणार, आणि तिथे आधार फक्त घर्षणाचा. शिवाय मध्ये कव्हर. अंतर थोडे वाढले की ओढ फार कमी होते. फोन घसरून पडेल." भौतिकशास्त्र म्हणून यात एक अक्षर चुकीचे नव्हते. दुकानदार मात्र भर बाजारात अंगावरचे धोतर फेडल्यासारखा चेहरा करून उभा राहिला, आणि त्याची कीव येऊन मी तो स्टँड विकत घेतला.

स्टँड लावायला दुकानातला पोरगा बाहेर आला. गाडीत बसताच त्याने चतुर्थीची भेट म्हणून माझ्या डॅशबोर्डला फुकटात चकचकीत पॉलिश केले आणि लगेच त्याच पॉलिशवर चिकटपट्टी दाबली. अशी पट्टी धरायला पृष्ठभाग कोरडा आणि तेलकटपणा गेलेला असावा लागतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, आणि चांगल्या पट्टीलाही पूर्ण पकड यायला ७२ तास द्यावे, हे मी त्याला सांगितले. त्याने माझ्याकडे आदराने पाहिले आणि शर्टाच्या बाहीने पॉलिशला आणखी चमक आणली. बाहेर पाऊस, आत ओल, पट्टीखाली सिलिकोनचा लेप. वर मास्तरांनाही डिचोलीलाच जायचे होते.

मास्तरांना घेऊन येत असल्याचे मी घरी फोन करून सांगितले, फोन स्टँडवर लावला आणि निघालो. थिवीपर्यंत सगळे सुरळीत होते. स्टँडबद्दल जी गोष्ट कुठल्याच खोक्यावर लिहिलेली नसते ती मात्र तेवढ्यात माझ्या लक्षात आली. स्टँडवरचा फोन चालकापेक्षा शेजारी बसलेल्याला जास्त चांगला दिसतो, कारण चालकाला रस्ता पाहायचा असतो आणि शेजाऱ्याला काहीच काम नसते.

"डिचोलीला जायला तुला नकाशा लागतो?"

या प्रश्नाला अब्रूदार उत्तर नाही. रस्ता कुठे खणला आहे आणि कुठे गाड्या खोळंबल्या आहेत ते कळते म्हणून लावतो, असे मी म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "खणलेला रस्ता खिडकीतूनही दिसतो." तो दिसत होताच. चांगला केलेला रस्ता कोणीतरी येऊन उकरायचा, पाइप घालायचा, वर चार टोपल्या खडी टाकून निघून जायचे, आणि पुढे पावसाने त्या खडीचे काय करायचे ते पावसाने ठरवायचे, ही आमच्याकडची पद्धत आहे. चतुर्थीच्या गर्दीत त्या चरांवरून गाडी नेताना माणसाने काय काय म्हणू नये ते मी मास्तरांच्या उपस्थितीमुळे मनातल्या मनात म्हणत होतो. एका ठिकाणी गाड्या थांबल्या तेव्हा नकाशावरचा बाण आपोआप फिरून मागे वळला.

"हा आपल्याला परत म्हापशाला पाठवतो आहे."

मी समजावले की शेजारच्या चुंबकामुळे फोनमधले होकायंत्र बिथरते आणि गाडी उभी असली की बाणाची दिशा चुकते; गाडी सुटली की उपग्रहांवरून मिळणाऱ्या स्थानावरून तो पुन्हा सरळ होतो. मास्तरांना अतोनात आनंद झाला. होकायंत्राजवळ चुंबक नेऊ नये, हे त्यांनी आम्हाला तिसरीत शिकवले होते, आणि आता मी पैसे मोजून नेमके तेच केले होते. हे वाक्य त्यांनी दोनदा उच्चारले, दुसऱ्या वेळी 'पैसे मोजून' या शब्दांवर जोर देऊन.

मग तो चर आला. गाडी आदळली, काहीतरी सुटल्याचा आवाज झाला, आणि फोन मास्तरांच्या मांडीवरून थेट आंबाड्यांत गेला. त्यांनी तो बाहेर काढला तेव्हा स्टँड फोनला चिकटलेलाच होता. चुंबक सुटले नव्हते आणि चकतीही सरकली नव्हती. पॉलिशवरची पट्टी सोलून अख्खा स्टँडच डॅशबोर्ड सोडून गेला होता.

कोणत्याही शहाण्या माणसाने या क्षणी फोन मला दिला असता किंवा पिशवीतच ठेवला असता. मास्तरांनी तो हातरुमालाने पुसला, चष्मा लावला आणि सुटलेली पट्टी न्याहाळत माझ्यापुढे एक छोटे व्याख्यान मांडले. फोन घसरून पडेल असे त्यांचे भाकीत होते. तो घसरला नाही, स्टँडसकट पडला. म्हणून सिद्धान्त चुकला असे मी समजू नये, कारण चिकटपट्टीने आधीच दगा दिल्यामुळे घर्षणाला आपले काम करून दाखवायची संधीच मिळाली नाही. मी कबूल केले. मला फक्त फोन हवा होता. पण मी हात पुढे केला की ते म्हणत, "कायदा काय सांगतो? हातात घ्यायचा नाही," आणि फोन आणखी पलीकडे धरत.

एवढ्यात फोनवर एक संदेश उमटला. मास्तरांनी तो मोठ्याने वाचला. तो बँकेचा होता. माझा कर्जाचा हप्ता कोणत्या तारखेला आहे आणि खात्यात किती शिल्लक ठेवावी, हे मुळगावच्या वळणापर्यंत आम्हा दोघांना सारखेच ठाऊक झाले. "एवढे कर्ज?" असे त्यांनी विचारले, आणि मी घराचे आहे म्हणालो. मग ऑफिसातल्या एकाचा संदेश आला. तो त्यांनी वाचला आणि त्यातल्या 'नक्कि' या शब्दाची वेलांटी दीर्घ करायला हवी, असे सुचवले. ते मला नव्हे, फोनला सांगत होते. संदेश पडद्यावर दिसू नयेत अशी सोय फोनमध्ये असते, हे मला माहीत आहे. पण ती सोय गाडी चालवताना करता येत नाही आणि मास्तरांना ती करायला सांगणे म्हणजे ज्याच्या हाती तिजोरी त्यालाच कुलूप लावायची विनंती करणे.

तिसरा संदेश बायकोचा होता. वाचायला सुरुवात करण्याआधी त्यांनी घसा साफ केला.

"मास्तर अजून गाडीत आहेत का. मग तू आज रात्रीच पोचशील."

गाडीत बराच वेळ फक्त वायपरचा आवाज होता. मला बोलता आले असते, पण काय बोलावे ते सुचेना. शेवटी मास्तरांनीच तोंड उघडले.

"वाक्यरचना शुद्ध आहे. 'का' नंतर प्रश्नचिन्ह हवे होते."

डिचोलीत त्यांना घरापाशी सोडले तेव्हा त्यांनी फोन स्टँडसकट माझ्या हाती दिला आणि दोन आंबाडे वर ठेवले. ते रागावले होते की नाही, हे मला कळले नाही.

काल मी तो स्टँड घेऊन दुकानात गेलो. फोन चुंबकापासून सुटला का, असे दुकानदाराने विचारले. मी नाही म्हणालो. चकती सरकली का? तीही नाही. मग आमच्या मालात दोष कुठला, असे त्याने अत्यंत सौजन्याने विचारले. चिकटपट्टी बिलात वेगळी दाखवलेली नव्हती आणि पॉलिश तर फुकट होते, तेव्हा त्यांची जबाबदारी त्याच्याकडे नव्हती. नवी पट्टी विकत मिळेल म्हणाला. मागच्या खेपेला मास्तरांनी त्याला जे ऐकवले त्याचे व्याज त्याने माझ्याकडून वसूल केले, आणि हे बोलताना तो पाना चुंबकाला लावून दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवत होता.

आज सकाळी चतुर्थीच्या दर्शनाचे आमंत्रण द्यायला मास्तरांचा फोन आला. मी बाहेर होतो, म्हणून बायकोने उचलला. उद्या दोघेही अवश्य या, असे त्यांनी तिला आग्रहाने सांगितले, आणि मी गाडी चालवणार असल्यास दुपारीच निघा, म्हणजे रात्री तरी पोचाल, असेही सांगितले. त्यांचे घर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर आहे. बायको मला म्हणाली की तू एकटाच जा.