"झाडू मारायला अर्धा तास कशाला?" : अंगणवाडीवरच्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या काही आठवड्यांत एकच मेसेज मला चार ग्रुपांवरून आला. शेवटी तो माझ्या चुलतभावानेही पाठवला, म्हणून लिहायला बसले. मजकूर थोडक्यात असा: "अंगणवाडीत मुलं यायच्या आधी अर्धा तास बाई काय करतात? झाडू मारतात. एवढ्यासाठी कामाचा वेळ कशाला मोजायचा? रात्रभर कुलूप असलेल्या खोलीत बदलणार काय? झाडून फिनाईल मारलं की झालं. आमच्या वेळी गोठ्याशेजारी शाळा भरायची, कुणाला काही झालं नाही. मुलं आल्यावर डोळे उघडे ठेवा, तेवढं पुरे. मुलं पडतधडपडतच मोठी होतात."

मी रायगड जिल्ह्यातल्या एका वाडीवर 22 वर्षं अंगणवाडी सेविका होते. यातलं एकेक वाक्य घेते.

"कुलूप असलेल्या खोलीत बदलणार काय?"

ज्याने हे लिहिलं त्याने सकाळी अंगणवाडीचं कुलूप कधी उघडलेलं नाही. छोट्या गावात पक्क्या छपराची मोकळी खोली बहुधा एकच असते आणि ती आमची. बचत गटाची बैठक तिथेच, लसीकरण तिथेच, निवडणूक आली की कधी मतदानही तिथेच. मुलं घरी गेल्यानंतर त्या खोलीत मोठी माणसं बसून जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी मला काय काय सापडलंय ते सांगते: टाचण्या, सुईचं टोपण, अर्धं ब्लेड, काडेपेटी, सुपारीची खांडं आणि एकदा रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी, तीन गोळ्या शिल्लक असलेली. गोळ्या गुलाबी होत्या. तीन वर्षांच्या पोराला ती गोळी आणि लिमलेटची गोळी वेगळी कशी वाटावी?

माणसं नाही आली तरी बाकीचे येतात. आमच्याकडे पावसाळ्यात दाराखालच्या फटीतून काहीही आत शिरतं. विंचू रात्री फिरतो आणि उजाडलं की अंधारी, कोरडी जागा धरतो: गुंडाळलेली सतरंजी, खेळण्यांची पेटी, कोपऱ्यात रचलेल्या विटा, कालची राहिलेली चप्पल. मण्यारही रात्रीचीच, आणि तिचा दंश पुष्कळदा इतका कमी दुखतो की मोठ्या माणसालाही उशिरा कळतो. म्हणून सतरंजी हातात धरून उलगडायची नसते. आधी काठीने ढोसायची, मग दोन टोकं धरून बाहेर अंगणात झटकायची. पेटी पायाने किंचित सरकवून मागे बघायचं, मगच झाकण. माझ्या मदतनीसताई हे रोज करायच्या, आणि रोज काहीच निघायचं नाही. 22 वर्षांत तीनदा विंचू निघाला, त्यातले दोन लाल. पण ते तीन कधी निघणार हे कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं.

लाल विंचू म्हणजे काय हे कोकणाबाहेरच्यांना सांगायला हवं. काळा विंचू आकाराने मोठा आणि भीतिदायक, पण जिवावर उठतो तो लहानसा लाल. त्याचं विष हृदयावर जातं, आणि जेवढं मूल लहान तेवढा धोका मोठा. महाड भागात डॉ. हिम्मतराव बावस्करांनी या दंशाचा अभ्यास केला, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरलं आणि मृत्यूंचं प्रमाण फार खाली आणलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. यावरून "आमच्या वेळी कुणाला काही झालं नाही" या वाक्याकडेच येते.

झालं होतं. प्राझोसिन येण्याआधी लाल विंचवाने मुलं जात होती. जी गेली ती आज ग्रुपवर मेसेज टाकायला नाहीत, आणि जे वाचले तेच "आमच्या वेळी" म्हणताहेत.

शिवाय त्या वेळची चांगली शाळा काही न बघता भरायची, हेही खरं नाही. "अंगणवाडी" हा शब्द आला कुठून? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं, शाळा उचलून मुलांच्या अंगणात नेली. पुढे 1957 पासून तेच काम कोसबाडच्या टेकडीवर चाललं. अंगण झाडणं, मुलांना आंघोळ घालणं, नखं-केस बघणं हा त्या शिक्षणाचाच भाग होता. ज्यांनी हे काम महाराष्ट्राला शिकवलं त्यांनी झाडूला हलकं मानलं नाही. एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली आणि तिने गावोगावच्या आपल्या केंद्रांसाठी हेच नाव घेतलं. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत.

"झाडून फिनाईल मारलं की झालं."

इथे जरा थांबते, कारण या समजुतीने आम्हा सेविकांमध्येही घर केलं आहे. फिनाईलचा वास आला की पालकांना बरं वाटतं. पण वास म्हणजे स्वच्छता नव्हे. सांडलेल्या खिचडीवर, चिखलावर नुसतं फिनाईल ओतलं तर जंतू त्या घाणीखाली सुखरूप राहतात. आधी साबणाच्या पाण्याने पुसायचं, मग जंतुनाशक, आणि तेही बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. लादी वाळल्यावर, खिडक्या उघड्या ठेवून, मगच मुलं. ओल्या फिनाईलवर बसलेलं मूल तोच हात तोंडात घालतं.

आणि एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. संडास घासायच्या ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नये. "दोन्ही घातलं की दुप्पट साफ" असं मला एका शिबिरात शेजारी बसलेल्या बाईंनी विश्वासाने सांगितलं होतं. त्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड, म्हणून खाली साचतो. उभ्या बाईंना थोडी खोकल्याची उबळ येईल, पण मुलं बसतात जमिनीवर, त्यांचं नाक बरोबर त्या थरात. स्वयंपाकाच्या गॅसचंही तेच, तोही हवेहून जड. म्हणून कुलूप उघडल्यावर पहिलं काम झाडू नाही. दारं-खिडक्या उघडायच्या आणि वास घ्यायचा. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबायचं नाही, आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही.

फिनाईल कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवणं तर आज थांबवा. काळं फिनाईल पाण्यात पडलं की दुधासारखं पांढरं होतं. मूल ते काय समजेल?

मी रोज एक काम करायचे ते नवीन सेविकांना जरा विचित्र वाटायचं. सगळं झाल्यावर खोलीत मांडी घालून बसायचे, मग गुडघ्यांवर एक फेरी मारायचे. उभ्याने न दिसणारं सगळं त्या उंचीवरून दिसतं: बाकाखालचा वर आलेला खिळा, भिंतीतल्या सॉकेटचं तुटलेलं झाकण, पेटीच्या बिजागरीची धार. बोलक्या खेळण्यातून निसटलेली बटणाएवढी बॅटरी मला अशीच मिळाली होती. ती गिळून अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर एका डॉक्टरांनी सांगितलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

"मुलं आल्यावर डोळे उघडे ठेवा, तेवढं पुरे."

किती डोळे? एक सेविका, एक मदतनीस. सकाळी मदतनीसताई वाडीवाडीवरून मुलं आणायला जातात, आणल्यावर आहाराचं बघतात. म्हणजे वीस-पंचवीस मुलांमागे बराच वेळ एक जोडी डोळे. त्यात एकाला शी लागते, एक रडतं, एकाची आई दारात येऊन वजनाचं विचारते.

आणि जी संकटं जीव घेतात ती ओरडून येत नाहीत. श्वासनलिकेत शेंगदाणा अडकलेलं मूल रडू शकत नाही, रडायलाही हवा लागते. बादलीत डोक्यावर पडलेलं दीड-दोन वर्षांचं मूल हाक मारत नाही. त्या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं, एकदा तोल गेला की त्याला वर येता येत नाही. मोठ्यांसोबत आलेल्या धाकट्या भावंडांना हा धोका सर्वांत जास्त, आणि त्याला दोन इंच पाणीही पुरतं. मेंदूला चार-पाच मिनिटं प्राणवायू मिळाला नाही की इजा सुरू. माझी पाठ मुलांकडे असते तेवढा वेळ. म्हणून बादली रिकामी करून पालथी, पिंपाचं झाकण घट्ट, हे मुलं यायच्या आत. पिंप आठवड्यातून एकदा आतून घासूनही काढायचं. डेंगूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटून बसतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, नुसतं पाणी ओतून देऊन ती जात नाहीत. हा डास दिवसा चावतो, म्हणजे मुलं आमच्याकडे असतात तेव्हाच.

डोळे उघडे ठेवल्याने टळल्या नसत्या अशा दोन दुर्घटनांची आठवण देते. 16 जुलै 2004 ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत दुपारच्या जेवणाच्या चुलीवरून गवती छपराला आग लागली. 94 मुलं गेली. 16 जुलै 2013 ला बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेचं जेवण जेवून 23 मुलं गेली. अन्नात आणि ते शिजवलेल्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. तारीख तीच आहे, म्हणून माझ्या मनातून जात नाही. दोन्हीकडे धोका मुलांच्या आधी येऊन बसला होता. छपराखालची चूल, अन्नात जाणारं तेल. या गोष्टी मूल दारात येण्याआधीच बघायच्या असतात.

"मुलं पडतधडपडतच मोठी होतात."

हे मला मान्य आहे. झाडावर चढू द्या, मातीत लोळू द्या, गुडघे फुटू द्या. फांदी उंच आहे हे मुलाला दिसतं, ते स्वतः अंदाज घेतं आणि त्यातून शिकतं. पण सतरंजीतला विंचू, जमिनीलगतचा वायू, लिमलेटसारखी गोळी यांचा अंदाज त्याने कशावरून घ्यायचा?

राहिला "कामाचा वेळ". 25 एप्रिल 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला आणि हे काम अर्धवेळ असल्याचं मानायला नकार दिला. मला मात्र पैशांपेक्षा वेगळं बोलायचं आहे. तो अर्धा तास हिशेबातून काढला की बाई मुलांबरोबरच दारात पोहोचेल, आणि मग वर लिहिलेलं सगळं होणारच नाही.

मला हे अनुभवाने ठाऊक आहे. सुरुवातीची काही वर्षं आमच्या अंगणवाडीची किल्ली एकच होती आणि ती गावातल्या एका घरी असायची. ते लोक पहाटे शेतावर गेले की मी आणि मुलं बंद दारासमोर एकत्र उभे. किल्ली आली की मुलांना अंगणात आंब्याखाली बसवायचं, मदतनीसताईंनी त्यांच्यापाशी थांबायचं, आणि मी एकटी आत जाऊन सतरंज्या काठीने ढोसायची. बाहेरून पोरं ओरडायची, "ताई, आम्ही येऊ?" किती घाईत मी ती खोली बघितली असेल! शेवटी मी स्वतःच्या पैशांनी दुसरी किल्ली करून घेतली. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी एकदा आपल्या गावातल्या अंगणवाडीची किल्ली सकाळी कुणाकडे असते ते विचारून बघावं.