कोकोपीट न धुता कुंडीत भरू नका

कोल्हापुरातल्या गच्चीबागेच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘कोकोपीटची वीट भिजवा, फुगली की थेट कुंडीत भरा. धुऊ नका, सत्त्व जातं. तपकिरी पाणी म्हणजे फुकटचं खत, ते झाडांना घाला. माती नको, शेणखत नको. वीटही विकत आणू नका, नारळाच्या शेंड्या मिक्सरमधून काढा.’ नवशिके हे वाचून विश्वासाने रोपं लावतात आणि रोपं गेली की स्वतःच्या हाताला दोष देतात. दोष त्यांच्या हाताचा नाही.

धुतल्याने जातं ते सत्त्व नव्हे, मीठ. नारळाच्या सोडणातून, म्हणजे बाहेरच्या जाड सालातून, काथ्या काढल्यावर जो भुसा उरतो, तेच कोकोपीट; तो दाबून वीट बनते. नारळ किनारपट्टीचं झाड, त्यामुळे सोडणात मुळातच सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड असतं. शिवाय पुष्कळ ठिकाणी सोडणं खाडीच्या खाऱ्या पाण्यात कुजवतात. पाण्याला तपकिरी रंग येतो तो टॅनिन या सालातल्या तुरट द्रव्यामुळे. त्या पाण्यात नत्र नावापुरतंच असतं. ते कुंडीत ओतलं तर पानांच्या कडा करपतात आणि कोवळी रोपं माना टाकतात.

650 ग्रॅमची वीट भिजली की साधारण 8-9 लिटर होते. ती जुन्या सुती कापडात बांधून मोठ्या बादलीत बुडवा, पिळा, पाणी ओतून द्या. असं निदान तीनदा. शेवटच्या पिळलेल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, छोट्या मीटरने मोजतात) तुमच्या नळाच्या पाण्याजवळ आला की मोकळं मीठ गेलं असं समजा.

पण एवढ्याने काम संपत नाही, आणि ही गोष्ट धुवायला सांगणारेही सहसा सांगत नाहीत. सोडियम आणि पोटॅशियमचा काही भाग भुशाच्या कणांना चिकटून असतो, नुसत्या पाण्याने तो सुटत नाही. पुढे तुम्ही खतातून कॅल्शियम दिलं की कण ते स्वतः धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम-पोटॅशियम सोडतात. झाड कॅल्शियमला मुकतं. टोमॅटोच्या बुडाला काळा खोलगट डाग पडण्यामागे हेही एक कारण असू शकतं. म्हणून धुतलेला भुसा कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात, लिटरला सुमारे 2 ग्रॅम या हिशोबाने, रात्रभर ठेवा. सकाळी पिळून साध्या पाण्यातून एकदा काढा. हे खत कृषी सेवा केंद्रात मिळतं. एवढी एक रात्र द्याच, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

‘माती नको, खत नको’ हे तर अगदीच चूक. कच्च्या भुशात कर्ब (कार्बन) आणि नत्राचं प्रमाण शंभरास एकच्या पलीकडे जातं, म्हणजे नत्र फारच कमी. हा भुसा नीट कुजवायचा तर टनाला 5 किलो युरिया आणि धिंगरी अळंबीचं बियाणं घालायची पद्धत आहे, ती याचसाठी. नुसत्या कोकोपीटमध्ये झाड उपाशी राहतं. बिया रुजवायला ते उत्तम, पण वाढत्या झाडाला एक भाग कोकोपीट, एक भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत द्या. आपली काळी माती ओली झाली की चिकट होते, वाळली की भेगाळते. तिला हा भुसा खरोखरच मोकळं करतो. गच्चीवर वजनही कमी पडतं. कोकोपीटचा एवढा गुण मला मान्य आहे.

शेंड्यांबद्दल थोडक्यात: देवळातून आणलेल्या नारळाच्या शेंडीत बहुतेक काथ्याच असतो, भुसा फार थोडा. मिक्सरचं पातं तेवढं जाईल. त्या शेंड्या कुंडीच्या तळाशी, भोकावर अंथरा, माती वाहून जाणार नाही.

कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या आठ-नऊ पट पाणी धरतं आणि वरून कोरडं दिसलं तरी आत ओलं असतं. बोट दोन पेरं आत घालून बघा, मगच पाणी द्या. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात पावसाची झड लागते तेव्हा उघड्यावरच्या कुंड्यांत याचं प्रमाण निम्म्यावर आणा आणि उरलेल्या जागी भाताचं तूस मिसळा, म्हणजे मुळांना हवा मिळेल.