टेंगूळ केवढं आलंय, ते सोडा

मूल डोक्यावर पडलं की घरात लगेच दोन पक्ष पडतात. "मुलं पडायचीच, आम्ही काय कमी पडलो?" हा एक आणि "आत्ताच्या आत्ता सिटी स्कॅन करा" हा दुसरा. नजर मात्र दोघांचीही टेंगळावर. माझ्या मते टेंगळाइतकी फसवी खूण नाही. कपाळावर टम्म फुगलेलं टेंगूळ बघून पोटात गोळा येतो, पण मूल एरवी ठणठणीत असेल तर बहुतेकदा त्यातून काही निघत नाही. उलट तान्ह्या किंवा वर्ष-दीड वर्षाच्या मुलाच्या कानाच्या वर, डोक्याच्या मागे, केसांत लपलेली मऊ सूज कुणाला दिसतही नाही आणि तिच्याखाली कवटीला तडा गेलेला असू शकतो. हात फिरवून बघा.

डोक्याला मार लागलेल्या 42 हजारांहून जास्त मुलांवरचा एक मोठा अमेरिकन अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. सिटी स्कॅनची गरज आहे का, हे ठरवायला दोन वर्षांखालच्या मुलांसाठी त्यात सहा निकष आहेत. त्यातला एक चक्क असा, की मूल आईवडिलांना नेहमीसारखं वाटत नाही!

आमच्या सोसायटीतलं एक पिल्लू दिवाणावरून पडलं. रडलं, दूध प्यायलं. आई म्हणत होती, "हाक मारली की बघतोय, पण हसत नाहीये." सगळ्या बायका म्हणाल्या, "दमलाय गं." तिने ऐकलं नाही, डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी काही तास बसवून ठेवलं, काही निघालं नाही. तरीही तिचंच बरोबर होतं.

क्षणभर का होईना शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलट्या, फिट, वाढत जाणारी डोकेदुखी, झोक जाणं, नाकाकानातून रक्त किंवा पाणी, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही. उठवूनही उठत नसेल तर 108. तासभर छान खेळलेलं मूलही नंतर गुंगीत जाऊ शकतं, आत रक्त हळूहळू साचत असतं. म्हणून पहिले एक-दोन दिवस लक्ष हवंच. पण चांगलं असलेल्या मुलाला त्याच्या वेळेला झोपू द्या हो, जागं ठेवून छळू नका. मधे उठवून बघितलं की झालं.

डॉक्टरकडे जाताना ज्यांनी पडताना पाहिलं त्यांना सोबत न्या. कुठून पडलं, कशावर आपटलं, लगेच रडलं का, हे त्यांनाच माहीत. सांभाळणाऱ्या मावशी असतील तर त्यांच्यावर ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी त्या सांगणारच नाहीत.