केसाच्या टोकाला पांढरी गाठ दिसली म्हणजे मूळ मेलं असं नाही हो

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तो केसांचा मेसेज आला, तुमच्याकडेही आला असेलच. त्यात ठासून सांगितलंय की शॅम्पूने केस गळतात म्हणून कमी न्हा, गळालेल्या केसाला पांढरी गाठ असेल तर मूळ मेलं, टक्कल केलं की केस दाट येतात, रात्रभर तेल ठेवलं की मुळांना पोषण मिळतं आणि कांद्याच्या रसाने टकलावर केस उगवतात. एरवी मी सोडून देते, पण माझी भाची बाळंत होऊन चार महिने झालेत, तिने हे वाचून आठ-दहा दिवस डोक्यावरून पाणीच घेतलं नाही आणि मग न्हायली तेव्हा हातात केसांचा पुंजका आला, तर पोरगी बाथरूममध्ये रडत बसली. म्हणून एकेक करून लिहितेय.

आधी शॅम्पू. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात, प्रत्येक केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, मग तीनेक महिने तो नुसता जागेवर बसून विश्रांती घेतो आणि गळतो. असे रोज ५० ते १०० केस जातात, प्रत्येकाचे जातात. दहा दिवस न्हायलं नाही तर सुटलेले केस बाकीच्या केसांत अडकून राहतात आणि न्हाताना एकदम बाहेर येतात, शॅम्पूने ते तोडलेले नसतात, ते आधीच सुटलेले होते.

आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, आज जो केस गळतोय त्याचं कारण बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांपूर्वीचं असतं! टायफॉइड, डेंग्यू, मोठं ऑपरेशन, उपाशी राहून केलेलं डाएट, या सगळ्यानंतर बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात, तोवर माणूस आजार विसरलेला असतो आणि दोष कालच्या शॅम्पूला नाहीतर नव्या गावच्या पाण्याला जातो. बाळंतपणाचंही तसंच, गरोदरपणात हार्मोन्समुळे जास्त केस वाढीत टिकून राहतात आणि बाळंत झाल्यावर ते सगळे मिळून रजेवर जातात. बाळ हसायला लागलं की आईचे केस जातात असं आमच्या घरातल्या जुन्या बायका म्हणायच्या, त्यात बाळाच्या हसण्याचा काही संबंध नाही पण वेळ मात्र अगदी बरोबर हेरलीये त्यांनी. बाळ वर्षाचं होईपर्यंत बहुतेक जणींचं हे थांबतं.

आता ती पांढरी गाठ. भाचीला मी खिडकीपाशी बसवलं आणि तिच्याच कंगव्यातला एक केस उजेडात धरून दाखवला, टोकाला खसखशीपेक्षाही बारीक, कोरडा पांढरा ठिपका. ते मूळ नव्हेच, विश्रांतीतल्या केसाचं खालचं टोक तसंच फुगीर होतं. केस तयार करणारा खरा जिवंत भाग कातडीच्या आतच राहतो आणि तिथून पुढचा केस येतो. मग तिला आरशात भांगाजवळ बघायला लावलं, अर्ध्या पेराएवढे ताठ उभे केस, टोकाला निमुळते. हे तुटलेले नाहीत गं, हे नवे आलेत म्हटलं, केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, जरा वेळ दे त्यांना.

टक्कल केलं की केस दाट येतात का, याचं उत्तर त्या निमुळत्या टोकातच आहे. वस्तरा फिरवला की टोक बोथट होतं, खुंट हाताला खरखरीत लागतात म्हणून जाड वाटतात. केस जिथून उगवतात ती छिद्रं जन्माआधीच ठरलेली असतात, वस्तऱ्याने एकही वाढत नाही. वस्तऱ्याने केस जाड होत नाहीत हे १९२८ साली अमेरिकेत संशोधक मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी पुरुषांच्या दाढीचे केस मोजून दाखवलं होतं. बाळाचं जावळ हौसेने करा, कुळाचार म्हणून करा, माझं काही म्हणणं नाही, पण दाट केसांसाठी मोठ्या मुलीचं डोकं तिच्या मनाविरुद्ध भादरू नका प्लीज.

तेलाबद्दल मेसेज अर्धाच चुकलाय. खोबरेल केसाच्या आत थोडं शिरतं आणि धुताना केसातलं प्रोटीन कमी जातं, मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ मध्ये हे छापलं, अर्थात कंपनी स्वतःच खोबरेल विकते हे लक्षात ठेवून वाचायचं. पण हा फायदा केसाच्या लांबीला आहे. मुळाला खायला रक्तातून मिळतं, वरून नाही. कोंडा असेल तर रात्रभर तेल मुळीच नको, कोंड्यामागची बुरशी डोक्यावरच्या तेलकटपणावरच जगते. न्हाण्याआधी तासभर लांबीला लावा, पुरे.

राहिला कांद्याचा रस. त्याचा एक प्रयोग २००२ साली इराकमध्ये झाला, थोड्याच लोकांवर आणि तोही चाईवर, म्हणजे केस जाऊन गोल चट्टे पडतात त्या आजारावर. चाई पुष्कळदा आपली आपणही भरते, आनुवंशिक टक्कल वेगळं. उगाच डोक्याची आग करून घेऊ नका.

गोल चट्टे पडले, भांग रुंद होत चालला किंवा सहा महिन्यांनीही गळणं थांबलं नाही तर त्वचेच्या डॉक्टरकडे जा आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड बघून घ्या. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. भाचीचं रक्त शनिवारी द्यायचंय, तिच्या डॉक्टरांनी त्या गोळ्या आत्तापासूनच बंद ठेवायला सांगितल्यात.