एका माळेचे मणी? मग गोळ्या कोणी घातल्या?

गेले चार दिवस एक फॉरवर्ड फिरतंय, आमच्या फॅमिली ग्रुपवर तर दोन काकांनी वेगवेगळ्या दिवशी तोच टाकला. म्हणणं असं की जर्मनीतले सोशल डेमोक्रॅट म्हणजे कोट-टाय घातलेले कम्युनिस्टच, दोघांचा बाप एक, हिटलरच्या आधी दोघं मिळून देश बुडवत होते, 1946 ला राजीखुशीने एकच पक्ष झाले, मार्क्स यांनी कधी सोडलाच नाही आणि पुढे पश्चिम जर्मनीचा चॅन्सलर झालेला त्यांचा विली ब्रांट तर मॉस्कोचाच माणूस. एकेक घेतो.

बाप एक, हे मान्य. पहिल्या महायुद्धाआधी पक्षही एकच होता, एसपीडी, म्हणजे सोशल डेमोक्रॅटांचा पक्ष, पुढे कम्युनिस्टांची नेता झालेली रोझा लक्झेंबर्गसुद्धा त्यातलीच. पण 4 ऑगस्ट 1914 ला पक्षाने संसदेत युद्धकर्जाच्या बाजूने मत दिलं आणि घर फाटलं. 1919 च्या जानेवारीत बर्लिनमध्ये उठाव झाला तेव्हा सत्तेत एसपीडीचे एबर्ट, आणि त्यांच्याच नोस्केने तो मोडायला फ्रायकोरच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या सशस्त्र टोळ्या आणल्या. 15 जानेवारीला त्यांनी रोझा आणि तिचा साथीदार नेता लीबक्नेश्टला मारलं, रोझाचं प्रेत कालव्यात फेकलं, ते सापडलं साडेचार महिन्यांनी. केपीडी, म्हणजे कम्युनिस्ट पक्ष, तेव्हा जेमतेम दोन आठवड्यांचा. ही भाऊबंदकी आहे हो, आणि बांधावरून सख्ख्या भावाचं डोकं फोडणाऱ्यांच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतोय, एका बापाचे म्हणजे एका मताचे हे आपण तरी म्हणू नये.

"मिळून देश बुडवत होते." मिळून? 1929 च्या मे दिनाला बंदी मोडून कम्युनिस्ट रस्त्यावर आले, बर्लिनचा पोलीसप्रमुख एसपीडीचा, गोळीबारात तीसच्या वर माणसं गेली. कम्युनिस्ट एसपीडीवाल्यांना "सोशल फॅसिस्ट" म्हणायचे, आणि 1931 मध्ये प्रशिया या जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या राज्यातलं एसपीडीचं सरकार पाडायच्या सार्वमतात चक्क नाझींच्या बाजूला जाऊन उभे राहिले. इकडे एसपीडीच्या 1932 च्या पोस्टरवर तीन बाण, तेव्हाचा चॅन्सलर पापेन, हिटलर आणि कम्युनिस्ट नेता थेलमान, तिघांच्या विरोधात. नोव्हेंबर 1932 च्या निवडणुकीत जागा अशा: एसपीडी 121, केपीडी 100, नाझी 196. बेरीज तुम्हीच करा. ती बेरीज झालीच नाही हीच तर ट्रॅजेडी, आणि माझ्या मते दोष दोघांचाही, पण नाझींपेक्षा एसपीडीला मोठा शत्रू ठरवणाऱ्या केपीडीचा जास्त. मार्च 1933 ला हिटलरला सगळे अधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध 94 मतं पडली, सगळी एसपीडीची, कारण कम्युनिस्ट खासदार तोवर तुरुंगात नाहीतर फरार.

आता 1946, फॉरवर्डवाल्यांचा हुकमी एक्का. एप्रिलमध्ये सोव्हिएत झोनमधल्या, म्हणजे युद्धानंतर रशियाच्या ताब्यात आलेल्या पूर्व भागातल्या, एसपीडी आणि केपीडीचं विलीनीकरण झालं, केपीडीचे पीक आणि एसपीडीचे ग्रोटेवोल यांनी स्टेजवर हात मिळवले, तेच हात पुढे पक्षाचं चिन्ह झाले. राजीखुशी होती का? 31 मार्चला बर्लिनमध्ये एसपीडीच्या मेंबरांनी मतदान घेतलं, सोव्हिएत विभागात ते होऊच दिलं नाही, पश्चिमेकडच्या विभागांत 23 हजारांवर लोकांनी मत दिलं आणि 82 टक्के म्हणाले, लगेच विलीनीकरण नको. त्याच कागदावर दुसरा प्रश्न होता, एकमेकांशी न भांडता सहकार्य करायचं का, त्याला 62 टक्के हो म्हणाले. म्हणजे 1933 चा धडा लोकांना कळला होता, फक्त घर एक करायचं नव्हतं. ऑक्टोबरच्या शहर निवडणुकीत एसपीडी 48.7 टक्के, जोडलेला पक्ष 19.8. पश्चिमेत एसपीडीचा नेता शूमाखर, दहाएक वर्षं नाझींच्या छळछावण्यांत काढलेला माणूस, कम्युनिस्टांना लाल रंग फासलेले नाझी म्हणायचा. (मला हे अतीच वाटतं, पण एका माळेचा मणी असं बोलत नाही.) पूर्वेत विलीनीकरणाला नाही म्हणणारे कित्येक सोशल डेमोक्रॅट तुरुंगात गेले.

मार्क्स सोडला नाही म्हणे. 1959, एसपीडीने मार्क्सवाद सोडला तो गोडेसबर्गचा जाहीरनामा, वाचा.

राहिले ब्रांट. मॉस्को आणि वॉर्साशी 1970 मध्ये करार केले म्हणून हा शिक्का. 1972 ला त्यांच्यावरचा अविश्वास ठराव दोन मतांनी फसला आणि त्यात पूर्व जर्मनीच्या श्टाझीचे, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांचे, 50 हजार मार्क एका विरोधी खासदाराच्या खिशात गेले होते, हे खरं आहे, ते लपवायचं कारण नाही. पण त्याच वर्षी जानेवारीत सरकारी नोकरीतून कट्टर कम्युनिस्टांना बाहेर ठेवायचा निर्णय ब्रांट यांच्याच अध्यक्षतेखाली झाला. आणि त्यांच्या ऑफिसात बसलेला गीयोम श्टाझीचा हेर निघाला, एप्रिल 1974 ला पकडला, पुढच्याच महिन्यात ब्रांट यांचं चॅन्सलरपद गेलं. घरच्या माणसावर पाळत ठेवायला कोणी वर्षानुवर्षं हेर पोसतं का, काकांना विचारलंय, अजून ब्लू टिकच आहे.