कोंबडी खताच्या पिशवीविषयी आपल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या कोंबडी खताची ५ किलोची पिशवी उघडताच बाल्कनीत डोळ्यांना झोंबणारा वास पसरला, खतात पिसे निघाली आणि चौथ्या दिवशी मिरचीच्या दोन रोपांची पाने कडेने करपली. सबब आम्ही कच्ची विष्ठाच विकतो, असे आपण लिहिले आहे. पिसांचा मुद्दा वगळता आपली तक्रार रास्त आहे.

तो वास अमोनियाचा. कोंबडीच्या विष्ठेतील नत्र बराचसा युरिक आम्लाच्या रूपात असतो. ते फुटताना अमोनिया सुटतो, आणि ढिगात पुरेसा कर्ब व खेळती हवा असेल तरच जिवाणू त्यातील नत्र आपल्या वाढीसाठी वापरून खतात धरून ठेवतात. पोल्ट्रीच्या लिटरमध्ये, म्हणजे कोंबड्यांखाली अंथरलेल्या थरात, भाताचे तूस असते खरे, परंतु ते लवकर कुजून कर्ब देत नाही, म्हणून आम्ही वाळका पाला मिसळतो, ढीग ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापू देतो, तापमान उतरू लागले की तो खाली-वर करतो आणि शेवटी महिनाभर मुरू देतो. आपली पिशवी ज्या ढिगातली आहे तो जुलैच्या पावसात भिजला, आत हवा राहिली नाही, आणि निवलेला ढीग म्हणजे तयार खत असे समजून आम्ही तो भरला. ओले केलेले मूठभर खत बंद बरणीत दोन-तीन दिवस ठेवून वास घेतला असता तरी हे उमगले असते. अर्थात दिवसभर त्याच वासात वावरणाऱ्या आमच्या नाकांवर कितपत विसंबावे, हाही प्रश्नच आहे, आणि यापुढे हे काम बाहेरच्या माणसाकडे राहील.

पिसे मात्र कच्चेपणाची खूण नव्हेत. ती केसा-नखांसारख्याच चिवट प्रथिनाची असल्याने पक्व खतातही उरतात.

पिशवीवर आम्ही ‘गरजेनुसार वापरावे’ एवढेच छापले होते, त्यामुळे आपण शेणखताच्या मापाने दोन ओंजळी घातल्या, यात आपला दोष नाही. तयार कोंबडी खतही १२ इंची कुंडीला सुमारे ५० ग्रॅम, दोन महिन्यांतून एकदा, खोडापासून दूर पुरेसे होते.

रोपांसाठी वरचा खतमिश्रित थर काढून टाकावा आणि तळाच्या भोकातून वाहून जाईल इतके पाणी दोनदा द्यावे. ढीग पुरेसा तापला नसल्याने त्यात रोगजंतू असू शकतात, म्हणून कोथिंबिरीसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना ते मुळीच घालू नये व हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. उरलेली पिशवी आमचा माणूस येऊन परत नेईल आणि पूर्ण रक्कम परत केली जाईल. त्या ढिगातील खत नेलेल्या इतर ग्राहकांनाही आम्ही हेच कळवत आहोत.

आपला विश्वासू,
खत प्रकल्प चालक